हातमागावरचा माळढोक आणि त्याच्या नावातला शेवटचा ‘एस’

माझ्या बैठकीच्या खोलीत गेल्या महिन्यापासून एक माळढोक, गवताळ माळावरचा तो मोठा पक्षी, उभा आहे. सुताचा, हातमागावर विणलेला, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. सोलापुरात याला सगळे वॉल हँगिंग म्हणतात, मीही तेच म्हणते. किंमत ३,२०० रुपये. सांगितल्यापासून हातात यायला २७ दिवस लागले, कबूल १९ झाले होते. खालच्या दांडीबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे सांगते. पण आधी निकाल देऊन टाकते: पाचपैकी साडेचार. ज्या कारागिराने एका लॅटिन शब्दाचं शेवटचं अक्षर वाचवण्यासाठी अख्खा आराखडा पुन्हा काढला, त्याला याहून कमी गुण देणं मला जमणार नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. लॅटिन निवृत्तीनंतर, जुनं व्याकरण आणि कोश समोर ठेवून, घरीच शिकले. रोज सकाळी दोन तास, सात वर्षं. माझी भाची पुण्यात प्राणिशास्त्र शिकते. तिला एम.एस्सी. झाल्यावर काय द्यायचं, या विचारात असताना आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक डोक्यात आला. चित्राखाली त्याचं शास्त्रीय नाव हवंच, आणि ते बिनचूक हवं. त्याआधी शाळेच्या निसर्गकोपऱ्यासाठी एका दुकानातून फलक छापून घेतले होते, तेव्हाचा अनुभव वाईट होता. सगळी नावं मोठ्या अक्षरांत, दोन शब्द एकमेकांना चिकटलेले, काळविटाच्या नावातलं एक अक्षर गायब. दुरुस्ती मागितली तर ‘पोरांना कुठं कळतंय’ असं उत्तर मिळालं. मुलांना कळत नसेल तर बरोबर लिहिण्याची जबाबदारी वाढते, असं मी त्यांना म्हटलं आणि फलक परत ठेवून आले.

म्हणून या वेळी छपाईकडे गेलेच नाही. पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढच्या एका गल्लीत, हातमागावर वॉल हँगिंग विणणारे एक अण्णा आहेत. घर तेलुगू बोलणारं, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचं. शेजारच्या घरांतून यंत्रमागांची खटखट येते आणि यांच्या पुढच्या खोलीत मात्र एकच हातमाग, संथ चालणारा. भिंतीवर विठोबा, सिद्धरामेश्वर, कुणाच्या तरी आजोबांचा चेहरा, सगळं सुताचं. आधी ग्राफच्या कागदावर चित्र चौकटी-चौकटींत उतरवायचं, मग त्या चौकटी मोजत ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, भरत जायचा. एका आडव्या ओळीत पाच रंग असतील तर पाच कांड्या हाताने फिरवायच्या. दिवसाला चार बोटं विणून झाली तरी चांगलं काम झालं, असं अण्णा म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवलं. माळढोकाच्या माथ्यासाठी त्यांनी काळ्या सुताची दोन बंडलं पुढे ठेवली. एक साधं सुती, राखेसारखं मंद. दुसरं मर्सराइज्ड, चकाकीचं.

“बाई, काळा कुठला घेऊ? हे बी काळंच, ते बी काळंच.”

मला इतका आनंद झाला की मी खाली बसूनच त्यांना सांगायला लागले. प्राचीन रोमन लोकांकडेही काळ्यासाठी दोन शब्द होते. ‘आतेर’ म्हणजे मंद, निस्तेज काळा: विझलेल्या कोळशाचा, शोकाचा. ‘निगेर’ म्हणजे झळझळीत काळा. पांढऱ्यालाही तसेच दोन: ‘आल्बुस’ साधा पांढरा, ‘कांदिदुस’ चमकणारा पांढरा. आपल्या पक्ष्याच्या नावातला शब्द आहे ‘निगेर’. अण्णांनी काही न बोलता मंद सुताचं बंडल बाजूला ठेवलं आणि चकाकीचं उचललं. खरं तर १८३१ मध्ये हे नाव देणाऱ्याने हा भेद मनात धरला असेल असं नाही. तोवर विज्ञानाच्या लॅटिनमध्ये ‘निग्रि-’ कोणत्याही काळ्याला लागत होतं. पण दोन बंडलांतून एक निवडायचंच होतं, तर शब्दाच्या जुन्या अर्थाने निवडलेलं काय वाईट? आज दुपारचं ऊन खिडकीतून येतं तेव्हा हँगिंगमधला तो माथा खरोखर पिसांसारखा चमकतो, आणि मान, जी साध्या पांढऱ्या सुताची आहे, ती शांत राहते.

आता नाव. रोमन लिपीत दोन शब्द: पहिला ‘आर्डेओटिस’, दुसरा इंग्रजी वळणाने ‘नायग्रिसेप्स’. जुन्या रोमन उच्चारात ‘सी’ नेहमी ‘क’ होता, म्हणजे सिसेरो या प्राचीन रोमन वक्त्याने हा शब्द पाहिला असता तर ‘निग्रिकेप्स’ वाचला असता. मी घरात ‘निग्रिकेप्स’च म्हणते, भाची ‘नायग्रिसेप्स’ म्हणते. लिहिताना दोघींचं एकच होतं, तेवढं पुरे.

पहिल्या शब्दातला ‘ओटिस’ मूळ ग्रीक. ग्रीकमध्ये कानाला ‘ऊस’, षष्ठीत ‘ओतोस’. त्यावरून ‘ओतिस’, कानवाला पक्षी. रोमन लेखक प्लिनीने, हाच तो व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये गेलेला, आपल्या निसर्गवर्णनाच्या दहाव्या भागात लिहून ठेवलंय की या पक्ष्यांना स्पेनमध्ये ‘आवेस तार्दास’ म्हणतात आणि ग्रीसमध्ये ‘ओतिदास’. ‘आविस’ म्हणजे पक्षी. संस्कृतात पक्ष्याला ‘वि’ असा एक अगदी छोटा, जुना शब्द आहे, त्याचंच हे लॅटिन भावंड. ‘तार्दा’ म्हणजे मंद, सावकाश. खरं म्हणजे हा पक्षी मंद नाही, माळावर तो भराभर चालतो आणि इतकं वजन घेऊन उडतोही. म्हणून काही अभ्यासक मानतात की स्पेनमधला एखादा स्थानिक शब्द रोमन कानांना ‘तार्दा’सारखा ऐकू आला असावा. याच ‘आविस तार्दा’चं स्पॅनिशमध्ये ‘आवुतार्दा’ झालं, फ्रेंचमध्ये ‘उतार्द’ झालं आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत जाताना ‘बस्टर्ड’. सालिम अलींनी माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावं असा आग्रह धरला होता, आणि इंग्रजी नावाचा उच्चार एका शिवीजवळ जातो म्हणून तो मागे पडला, असं सांगितलं जातं. मान मोराला मिळाला, मोराबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या शब्दाचा पूर्वज ‘संथ पक्षी’ इतका सज्जन आहे, त्याच्यावर असा आळ यावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘ओतिस’चं व्याकरण मात्र संस्कृतच्या माणसाने अगदी मांडीवर घ्यावं असं आहे. प्रथमेत ‘ओतिस’, षष्ठीत ‘ओतिदिस’. मधला ‘द’ प्रथमेत लपलेला. आपल्याकडे ‘शरद्’ बघा. पुस्तकात प्रथमेचं एकवचन ‘शरत्’ असं दिसतं, षष्ठी आली की ‘शरदः’ आणि ‘द’ परत हजर. शाळेत मी मुलींना सांगायची, शब्दाचा खरा चेहरा बघायचा असेल तर षष्ठी विचारा, प्रथमा पाहुण्यांसमोर नटून येते. लॅटिनलाही हेच लागू आहे, म्हणून लॅटिन कोशात प्रत्येक नामापुढे षष्ठी छापलेली असते. माळढोकाच्या कुळाचं नाव ‘ओटिडिडे’ असं दोनदा ‘ड’ घेऊन येतं, ते यामुळेच. पहिला ‘ड’ शब्दाच्या अंगातला, दुसरा कुळवाचक प्रत्ययातला. आणि ‘शरद्’ स्त्रीलिंगी, ‘ओतिस’ही स्त्रीलिंगी. हे मी भाचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, परीक्षेत हे स्पेलिंग मी तीन वर्षं घोकत होते, कुणी सांगितलं नाही.”

उरला ‘आर्डेआ’. म्हणजे बगळा. रोमच्या दक्षिणेला या नावाचं गावही आहे. ते जळून खाक झालं तेव्हा राखेतून एक बगळा पंख झटकत उडाला, अशी कथा ओव्हिड या रोमन कवीने सांगितली आहे. १८५३ मध्ये ल माऊ या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाने ‘आर्डेआ’ आणि ‘ओटिस’ जोडून ‘आर्डेओटिस’ केलं: बगळ्याच्या अंगाचा, लांब मानेचा, लांब पायांचा बस्टर्ड. आता मराठी शब्द घ्या. माळढोक. माळावरचा ढोक. ढोक म्हणजे लांब पायांचा, बगळ्या-करकोच्याच्या जातकुळीतला, आणि तळ्याकाठची आपली ढोकरी, तपकिरी पाठीचा लहान बगळा, त्याच शब्दाची लेक. म्हणजे आमच्या बार्शी-मोहोळकडच्या गुराख्याने आणि त्या फ्रेंच माणसाने, एकमेकांना न भेटता, हा पक्षी पाहून एकच गोष्ट म्हटली: हा बगळ्यासारखा आहे, पण बगळा नाही. मला हे कळलं त्या सकाळी मी दूध गॅसवर विसरले.

हे अण्णांना सांगत होते तेव्हा आतून त्यांच्या आई बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे. चित्राचा कागद हातात घेऊन म्हणाल्या, “बट्टमेक पिट्ट.” तेलुगूत माळढोकाला हेच नाव आहे. ‘मेक’ म्हणजे शेळी, ‘पिट्ट’ म्हणजे पाखरू. त्यांच्या घरात ‘बट्ट’ म्हणजे कापड, त्यामुळे हा पक्षी विणकराचाच आहे असं त्या हसून म्हणाल्या आणि मला शेंगाचटणी-कडक भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

आता तो ‘एस’.

बारा दिवसांनी अण्णांचा फोन आला. ग्राफ पूर्ण झाला होता, पक्षी बसला होता, पण खालच्या पट्टीत नाव एका ओळीत मावत नव्हतं. पहिल्या शब्दात आठ अक्षरं, दुसऱ्यात नऊ, मधली जागा. नेमकं एक अक्षर काठात जात होतं. त्यांचा मुलगा तालमीत जाणारा, चांगला दणकट. तो मला म्हणाला, “बाई, शेवटचा एस काढू का? एस म्हणजे अनेकवचन असतं ना. एकच पक्षी हाय की. बायसेप्सचं कसं बायसेप म्हणतो आम्ही.”

प्रश्न चुकीचा होता, पण काय नेमक्या जागी बोट ठेवलं पोराने! कारण ‘बायसेप्स’ आणि ‘नायग्रिसेप्स’ सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये डोक्याला ‘कापुत’. समासाच्या शेवटी आलं की ते आखडतं आणि ‘-केप्स’ होतं. ‘बि-केप्स’, दोन डोक्यांचा. दंडाचा हा स्नायू वरच्या बाजूला दोन मुळांनी हाडाला धरलेला असतो, म्हणून दोन डोक्यांचा. मागच्या बाजूचा ‘ट्रायसेप्स’ तीन डोक्यांचा. यातला ‘एस’ अनेकवचनाचा नाही, तो एकवचनाचाच आहे. षष्ठी करा: ‘बिकिपितिस’. हा बघा आत लपलेला ‘कापुत’चा ‘त’. ‘बायसेप’ असा शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांनी तुमच्यासारखाच विचार करून पाडला, आता तो तालमीत चालतो, चालू दे. पण ‘नायग्रिसेप’ असं कुणी कधी लिहिलेलं नाही. एस काढला तर पक्ष्याचं डोकंच उडेल.

मुलाने आपल्या दंडाकडे बघितलं आणि विचारलं, “म्हणजे ह्याला दोन डोकी हायत?” मी म्हटलं, हो. तो त्या दिवसापासून मला बघितलं की दंड वर करतो.

मग अण्णांना समासाचं सांगितलं, कारण तेही विचारत होते की ‘निगेर’मधला मधला ‘ए’ कुठे गेला आणि ‘आय’ कुठून आला. लॅटिन दोन शब्द जोडताना मध्ये ‘इ’ घालतं, ग्रीक ‘ओ’ घालतं. तुटलेली दोन सुतं जोडायला गाठ मारतो तसं. ‘निग्र’, मध्ये ‘इ’ची गाठ, मग ‘केप्स’. संस्कृतात सांगायचं तर हा बहुव्रीही. नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे, निळा आहे गळा ज्याचा तो. तसं निग्रिकेप्स म्हणजे काळं डोकं नव्हे, काळं आहे डोकं जिचं ती. ‘ती’, कारण ‘ओतिस’ स्त्रीलिंगी.

आणि इथे मराठी माणसाला लॅटिन इंग्रजीपेक्षा सोपं जातं, हे मी ठामपणे सांगते. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही. आपल्याला तीन आहेत, लॅटिनला तीन आहेत. काळा घोडा, काळी गाय, काळं वासरू. निगेर, निग्रा, निग्रुम. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा नियमच आहे की दुसरा शब्द लॅटिन विशेषण असेल तर त्याने पहिल्या शब्दाचं लिंग पाळायचं. युरोपातल्या मोठ्या बस्टर्डला, शास्त्रीय नावांची ही पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये ‘ओटिस टार्डा’ नाव दिलं. ओटिस स्त्रीलिंगी, म्हणून टार्डुस नाही, टार्डा. आपला तणमोर, माळढोकाचा छोटा भाऊबंद, जुन्या पुस्तकांत ‘सिफिओटाइड्स इंडिका’ होता. मग त्या पहिल्या शब्दाचं शेपूट पुल्लिंगी धरायचं असा नियम लागला आणि ‘इंडिका’चा ‘इंडिकस’ झाला. पक्षी तोच, पण काळीचा काळा झाला.

मग ‘निग्रिकेप्स’ का बदलत नाही? कारण मराठीत ‘लाल’ बदलत नाही. लाल घोडा, लाल गाय, लाल वासरू. ‘-केप्स’ची विशेषणं प्रथमेत तिन्ही लिंगांना एकच रूप ठेवतात. माळढोकाचं पहिलं नाव इतक्या वेळा बदललं, आधी ‘ओटिस’, मग बरीच वर्षं ‘कोरिओटिस’, आता ‘आर्डेओटिस’, पण हा काळ्या डोक्याचा शब्द अक्षरानेही हलला नाही.

एस राहिला. अण्णांनी ग्राफ पुन्हा काढला आणि नाव दोन ओळींत घेतलं, वर आठ अक्षरं, खाली नऊ. त्यासाठी पक्ष्याच्या पायाखालचं गवत तीन बोटं कमी करावं लागलं. उशीर झाला तो यापायी, म्हणून त्या आठ दिवसांची तक्रार मी मागे घेते.

खालच्या कोपऱ्यात मी आणखी एक बारीक ओळ मागितली होती: कंसात ‘व्हिगर्स, १८३१’. निकोलस व्हिगर्स हे आयर्लंडचे, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीचे पहिले सचिव. त्यांनी लंडनमध्ये बसून आपल्या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. अण्णा म्हणाले, कंस काढू का, गोल रेघ विणायला वेळ खाते. काढता येत नाही. नाव देणाऱ्याने पक्ष्याला ज्या प्रजातीत, म्हणजे ज्या पहिल्या शब्दाखाली, ठेवलं होतं ती पुढे बदलली, तर त्याचं नाव कंसात जातं. कंस नसेल तर अर्थ होतो की त्यानेही पक्ष्याला आजच्याच पहिल्या शब्दाखाली ठेवलं होतं. मी त्यांना म्हटलं, मुलीचं माहेरचं आडनाव ‘ओटिस’, सासरचं ‘आर्डेओटिस’. कंस म्हणजे ‘हिचं बारसं माहेरी झालं’ एवढी नोंद. अण्णांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, “मग ठेवा की कंस.” ठेवला.

आता विणकामाबद्दल, कारण घेणाऱ्याला ते कळायला हवं.

माथ्यावरचा तुरा आणि छातीवरचा काळा पट्टा अप्रतिम. नराला हा पट्टा ठळक असतो, आणि अण्णांनी तो मागे सावलीसाठी एक करडा धागा घालून वळवला आहे, त्यामुळे छाती फुगीर दिसते. पाठीच्या तपकिरी रंगात तीन छटा आहेत, लांबून एकच वाटतात, जवळून वेगळ्या. डोळा मला थोडा मोठा वाटतो. एका चौकटीपेक्षा लहान डोळा विणता येत नाही, तर तो दोन चौकटींचा झाला आहे. गवत चांगलं, कमी करूनही चांगलं.

अक्षरं. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत लिहायची रीत आहे. मागावर तिरपी रेघ म्हणजे पायऱ्या. अण्णांनी दर चार ओळींना एक चौकट सरकवत तिरकेपणा आणला. सहा फुटांवरून सुबक दिसतो, हातभर अंतरावरून पायऱ्या दिसतात. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळी लहान, दुसरा शब्द लहान अक्षरापासूनच सुरू. हे बिनचूक झालं आहे. फक्त ‘जी’चं शेपूट खालच्या काठाला टेकलं आहे, तिथे दोन ओळी जास्त हव्या होत्या.

रंग पक्का आहे. मी मागच्या बाजूचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघितला, काही लागलं नाही. सोलापूरच्या चादरीचा लौकिक ज्या रंगावर उभा आहे, त्याला हे धरून आहे.

दांडी मात्र कच्ची. वरची लाकडी दांडी ठीक, खालची इतकी हलकी की पंखा लावला की हँगिंग हलतं आणि माळढोक डुलतो. अण्णांना सांगितलं, ते म्हणाले सुतारकाम बाहेरून करून घेतात. मी बाजारातून शिसवी दांडी आणून बदलली, १४० रुपये लागले. गोंड्यांच्या गाठीही एकसारख्या नाहीत, डावीकडच्या दोन सुटल्या होत्या, त्या मीच बांधल्या. बिल हाताने लिहिलेलं मिळतं, पैसे मोबाइलवरून घेतात. अर्धे आधी, अर्धे नंतर.

कुणाला असं काही करून घ्यायचं असेल तर नाव कागदावर स्वच्छ, मोठ्या अक्षरांत, लहान-मोठं अक्षर दाखवून लिहून न्या आणि अक्षरं मोजून न्या. फोनवर स्पेलिंग सांगू नका. आणि ग्राफ झाला की विणायला घेण्याआधी जाऊन डोळ्याने बघा. धागा एकदा भरला की तो उसवणं म्हणजे कारागिराचा दिवस वाया घालवणं आहे.

मी खरा माळढोक एकदाच पाहिला. १९९४ च्या पावसाळ्यानंतर सातवीच्या मुलींची सहल नान्नजला नेली होती, सोलापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर. अभयारण्य १९७९ चं, तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळ होतं, नंतर बाराशेच्या आसपास आणलं गेलं. कुसळी गवत गुडघ्याच्या वर आलेलं. वनरक्षकांनी बोट दाखवलं तिकडे काही नव्हतं. मग गवताच्या वर एक काळा ठिपका सरकला. थांबला. पुन्हा सरकला. पक्षी एक मीटर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा, पण आम्हाला दिसत होतं फक्त डोकं, माळावर तरंगत चाललेलं काळं डोकं. चाळीस मुली आणि एकही आवाज नाही. व्हिगर्सने तर मेलेल्या पक्ष्याच्या नमुन्यावरून नाव दिलं, गवतात उभा असलेला माळढोक त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता. तरी जिवंत पक्षी पाहणाऱ्याला सगळ्यात आधी जे दिसतं, तेच त्याच्या शब्दात उतरलं.

आता जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. मादी एका वेळी एकच अंडं घालते. नान्नजच्या माळावर अलीकडे गेलेले लोक काळवीट पाहून येतात, लांडगा दिसला तर तो पाहून येतात. त्या सातवीतल्या मुलींपैकी एक परवा घरी आली होती, तिचीच मुलगी आता सातवीत आहे. तिने भिंतीकडे बघितलं आणि पोरीला म्हणाली, “हा बघ, असा होता. पण गवतात नुसतं डोकं दिसायचं.” मग ती खाली वाकली आणि नाव वाचायला लागली. मुलीने ‘निग्रिसेप्स’ वाचलं. मी म्हटलं, शाब्बास, एस सोडला नाहीस.

दिवाळीला भाची येऊन हँगिंग पुण्याला नेईल. भिंत रिकामी राहू नये म्हणून कालच अण्णांकडे दुसरं सांगून आले आहे, काळवीट. ‘अँटिलोपी सर्विकाप्रा’. ‘केर्वुस’ म्हणजे सांबराच्या जातीचं हरीण, ‘काप्रा’ म्हणजे शेळी, मध्ये तीच ‘इ’ची गाठ. हरीण-शेळी. शेळी ऐकल्यावर अण्णांच्या आईंनी लगेच ‘मेक’ म्हटलं. शेवटचा ‘आ’ स्त्रीलिंगी विशेषणाचा नाही, तो ‘काप्रा’ या नामाचा स्वतःचा आहे, म्हणून पहिला शब्द उद्या बदलला तरी तो बदलणार नाही, हेही सांगून झालं. अण्णांनी कागद हातात घेऊन बोटाने अक्षरं मोजली. पहिल्या शब्दात आठ, दुसऱ्यात दहा.

“मागच्यापेक्षा एक जास्त हाय बाई,” ते म्हणाले, “ह्या टायमाला पट्टी आधी काढतो, शिंगं नंतर.”